संघमित्राच्या खांद्यावरची दोरी

संघमित्रा गमरेला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठीकडून. दादरला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चित्रकलेचा वर्ग चालतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी रविवारी तिथे जाऊ लागले. पहिल्याच दिवशी उशीर झाला, पुढच्या जागा भरल्या होत्या, म्हणून मला मॉडेलच्या मागे इझल लावावं लागलं. एका बाईची मान, अंबाडा आणि निळ्या ब्लाउजची शिवण काढत मी बसले. मधल्या सुट्टीत ती उठली, माझ्या कागदापाशी आली आणि म्हणाली, "अंबाडा मोठा काढलात मॅडम. एवढे केस नाही राहिले माझे."

तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल. जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. लग्न होऊन गेली तीही तिथेच, दोन इमारती पलीकडे. वडील गिरणीत साच्यांवर होते. संपानंतर गिरणी उघडली नाही, तेव्हा एका शाळेत रखवालदार झाले. नवरा टेम्पो चालवायचा. त्यांची एकुलती मुलगी श्रेया सातवीत असताना तो काविळीनं गेला. तेव्हापासून संघमित्रा सकाळी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मदतनीस म्हणून जायची. तिथे ओळख झालेल्या कमलाबाई या वर्गात खूप वर्षं मॉडेल म्हणून बसत होत्या. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनीच हिला आणलं. काही करायचं नाही, नुसतं बसायचं, असं त्यांनी सांगितलं होतं.

"नुसतं बसणं किती जड असतं, ते बसल्यावर कळलं," संघमित्रा म्हणायची.

ती साडी नेसूनच बसायची, त्यापलीकडे काही नाही. चाळीत तिनं 'क्लासमध्ये काम करते' एवढंच सांगितलं होतं, कारण मॉडेल म्हटलं की लोक भलतंच समजतात. काम मात्र तिला आवडायचं. एकदा चहा पिताना ती मला म्हणाली, "लॅबमध्ये सगळे माझ्या हातातल्या बाटलीकडे बघतात. इथे माझ्याकडे बघतात. लग्नाच्या वेळी बघायला आले होते, त्यांनीपण एवढं लक्ष देऊन बघितलं नव्हतं."

वर्ग शंतनु राजाध्यक्ष चालवायचा. तो स्वतः शिल्पकार, शिवाजी पार्कात वाढलेला, परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा होता. मनानं चांगला माणूस. संघमित्राला 'ताई' म्हणायचा, ती दमली की स्वतः पंखा तिच्याकडे वळवायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यावरून तो वाईट माणूस वाटेल, आणि ते तितकं सरळ नाही.

वर्गाच्या कोपऱ्यात एका लांब फळीवर प्लास्टरची जुनी शिल्पं असतात, नवशिक्यांनी बघून काढायला. त्यात एका आफ्रिकी बाईचा छातीपर्यंतचा पुतळा होता. मान जोरात वळलेली, नजर खांद्यावरून वर कुठेतरी. वर्षानुवर्षं पुसून आणि वरून सफेदा मारून त्याच्या कडा बुजल्या होत्या. खांद्यावरून छातीवर काहीतरी आडवं गेलेलं होतं. ती शालीची घडी समजून आम्ही ती काढायचो. संघमित्राला तो पदर वाटायचा.

एका रविवारी तिनं शंतनुला विचारलं, "सर, ही कोणाकडे बघतेय?"

शंतनुनं खिशातून मोबाइल काढला आणि मूळ शिल्पाचा फोटो शोधून तिच्यासमोर धरला. आम्हीही मागून डोकावलो. ती शाल नव्हती. जाड, पिळदार दोरी होती. त्या दोरीनं बाईचे दंड मागे खेचले होते आणि दोरी छातीच्या मांसात रुतली होती.

"कार्पो नावाचा फ्रेंच शिल्पकार," शंतनु सांगू लागला. "दीडशे वर्षं होऊन गेली. पॅरिसमध्ये एका कारंज्यासाठी त्याला चार खंडांच्या चार बायका करायच्या होत्या. आफ्रिकेच्या बाईसाठी त्यानं हा अभ्यास केला आणि मग त्याचंच वेगळं शिल्प केलं. खाली कोरलं, गुलाम म्हणून जन्मच का? ते गाजलं. बादशहानं विकत घेतलं. मग कार्पोच्याच कारखान्यातून प्रती निघायला लागल्या. ब्राँझच्या, भाजक्या मातीच्या, प्लास्टरच्या, लहान, मोठ्या. लोकांनी दिवाणखान्यात ठेवल्या. पुढे प्रतींवरून साचे काढले, त्या साच्यांतून आणखी प्रती. आपली ही कितव्या पिढीची आहे, देव जाणे. म्हणून दोरी पुसली गेलीय."

"तेव्हा गुलाम असायचे त्यांच्याकडे?"

"नाही. फ्रान्सनं आपल्या वसाहतींतली गुलामगिरी त्याच्या वीस वर्षं आधीच बंद केली होती."

"मग हिला बांधली कशाला?"

शंतनु हसला. "चांगला प्रश्न आहे, ताई."

"नाव काय होतं हिचं?"

"ते खात्रीनं कोणालाच सांगता येत नाही."

 सुट्टीनंतर बसताना संघमित्रानं आपलं स्टूल थोडं फिरवून घेतलं, म्हणजे फळी तिच्या पाठीमागे राहील असं.

त्यानंतर काही महिन्यांनी शंतनुनं तिला आपल्या गाळ्यात बसायला बोलावलं. त्याला तिचा पुतळा करायचा होता. त्यानं मान वळवून वर बघायला सांगितलं, तेव्हा तिच्या लगेच लक्षात आलं.

"त्या बाईसारखी बसवताय मला?"

"मान तेवढी," तो म्हणाला.

थंडीचे दिवस होते. दुपारी लॅब सुटली की ती गाळ्यावर जायची. शाडूच्या गोळ्यातून आधी नाक आलं, मग गालाची हाडं, मग जड झुमक्यांनी ओघळलेली कानाची पाळी. पुतळा पुरा होत आला, तेव्हा ती त्याच्याभोवती फिरून आली आणि म्हणाली, "आई दिसते माझी." ती खूश होती. अंगावर ब्लाउज होता, खांद्यावर पदर होता, मान वर होती. मातीवरून साचा काढायला परळचाच शिवा पेडणेकर आला. तो गणपतीच्या कारखान्यातला माणूस. सणाचा हंगाम नसला की तो शिल्पकारांची कामं करायचा. तो 'साचा, साचा' म्हणत होता आणि संघमित्राला हसू येत होतं. तिच्या घरी साचा म्हणजे गिरणीतला माग. वडील साच्यावर उभे राहायचे, आणि इथे तिलाच साच्यात घालत होते.

शंतनुनं बसण्याचे पैसे चोख दिले. एक प्लास्टरची प्रत तुम्हाला देतो, असंही म्हणाला. पण त्याच सुमारास चाळीचा पुनर्विकास सुरू झाला. त्यांची इमारत रिकामी झाली आणि मायलेकी संक्रमण शिबिरातल्या खोलीत गेल्या. अर्धं सामान बांधलेलंच होतं. पुतळा ठेवायचा कुठे? तिनं विषय काढला नाही, त्यानंही काढला नाही.

दोनेक वर्षांनी श्रेया बी.कॉम. झाली आणि तिला लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी लागली. जुन्या गिरणीच्या जागेवर उभी राहिलेली काचेची इमारत. आजोबा कामाला होते ती गिरणी नव्हे, तिच्या शेजारची. लागून दोन-तीन दिवस झाले असतील. संध्याकाळी संघमित्रा मटार सोलत बसली होती. श्रेया म्हणाली, "मम्मी, शंतनु सरांनी तुझा पुतळा केला होता ना?"

"हो. का गं?"

"तो आमच्या ऑफिसच्या लॉबीत आहे."

संघमित्राचा चेहरा उजळला. "खरंच? फोटो काढलास? दाखव ना."

श्रेयानं फोन लगेच दिला नाही. उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आधी ऐक. त्याच्यावर दोरी आहे."

फोटोत काळपट ब्राँझची संघमित्रा होती. तीच मान, तीच कानाची पाळी. आणि उजव्या खांद्यावरून छातीवर येऊन दंडाखाली मागे गेलेली दोरी. एकेक पीळ मोजता यावा इतकी स्पष्ट. पदर तिच्याखाली अर्धा झाकला गेला होता.

संघमित्रानं फोटो मोठा करून पाहिला, मग लहान केला, आणि फोन परत दिला. मटार सोलायचे राहिले होते, ते तिनं सोलले.  श्रेयानं सांगितलं, की लोक पुतळ्याशेजारी उभे राहून सेल्फी काढतात. काल कुणीतरी आपलं ओळखपत्र फितीसकट त्याच्या गळ्यात अडकवलं होतं आणि सगळे हसत होते. "मी काढलं नाही मम्मी. मी लिफ्टमध्ये शिरले. ही माझी आई आहे असं मी कोणाला सांगितलंच नाहीये."

"बरं केलंस," संघमित्रा म्हणाली. श्रेयाला त्याचं जास्त वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात लॅबला सुट्टी घेऊन संघमित्रा तिथे गेली. दारावर कुशाबा नावाचा सातारकडचा म्हातारा गार्ड होता. त्यानं तिचं नाव लिहून घेतलं, पास दिला आणि सोफ्यावर बसायला सांगितलं. ती बसली नाही. पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली. खाली पितळी पट्टीवर इंग्रजीत नाव होतं, 'बॉर्न', म्हणजे जन्मलेली. त्याखाली शंतनुचं नाव, आठातली दुसरी प्रत, आणि बारीक अक्षरांत, कार्पोच्या शिल्पावरून. तिचं नाव कुठेच नव्हतं.

कुशाबा मागून आला. त्यानं एकदा पुतळ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "ताई, ही अगदी तुमच्या..." म्हणाला आणि त्याची नजर दोरीवर गेली. तो थांबला. "नाही, तसं नाही. चुकलो."

"चुकला नाहीत," ती म्हणाली. "मीच आहे."

 तो पाणी आणायला गेला. पाणी येईपर्यंत ती निघून गेली होती.

हे सगळं मला तिनं नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र ती थेट परळला शंतनुच्या गाळ्यावर गेली. शंतनु तिला बघून आनंदला, चहा सांगतो म्हणाला. तिनं नको म्हटलं आणि उभ्यानंच विचारलं, "सर, मी बसले तेव्हा दोरी नव्हती."

शंतनुला विषय कळायला वेळ लागला नाही. त्यानं मनापासून समजावून सांगितलं. कार्पोनं तो प्रश्न विचारला, तेव्हा कायद्यानं गुलामगिरी संपलेली होती. लोकांनी प्रश्न दिवाणखान्यात ठेवला आणि त्यावर धूळ बसू दिली. वर्गातल्या प्रतीवर तर दोरी दिसेनाशी झाली. त्याला ती दोरी पुन्हा दिसायला हवी होती, इथे, या शहरात. "कायदे झाले, पण प्रश्न संपला का, ताई? तुमच्या लोकांवर जे झालं, अजून होतंय, ते लोकांनी बघावं म्हणून मी..."

"माझ्या लोकांवर झालं," ती म्हणाली. "माझ्या आजीनं खूप सोसलं, गावाला. मला ते तुम्ही नको सांगायला. पण सर, माझं नाव ठेवायच्या वेळी घरात भांडण झालं होतं. आजी म्हणत होती शेवंता ठेवा. वडील म्हणाले, नाही, हिचं नाव संघमित्रा. माझ्या अंगावर दोरी कधी नव्हती. ती तुम्ही घातली."

"ती तुमच्यावर नाही. ते एक प्रतीक आहे."

"कान माझा आहे. मान माझी आहे. मग दोरी कोणावर आहे?"

शंतनु स्टुलावर बसला. मग म्हणाला, "पट्टीवर तुमचं नाव घालू या. ते राहिलं, ती माझी चूक."

"दोरीखाली माझं नाव?"

तो हातावरची सुकलेली माती खरवडू लागला.

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही..."

"नाही म्हटलं असतं."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

 तिनं विचारलं, किती झालेत. आठ करायचे ठरले होते, पाच झाले, पाचही गेले, असं तो म्हणाला. एक लोअर परळला, एक दिल्लीत, एक अलिबागच्या कुणाच्या बंगल्यात, एक पुण्याला, एक परदेशात. उरलेल्या तिनांबद्दल गॅलरीशी बोलणं झालेलं होतं.

"साचा तोडून टाका," ती म्हणाली.

"तसं नाही करता येत, ताई."

ती गाळ्यातून बाहेर पडली. त्या रविवारी ती वर्गावर आली नाही, आणि नंतरही कधी आली नाही.

मी तिच्या खोलीवर गेले, तेव्हा हे कळलं. माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंशी मी बोलले. त्या म्हणाल्या, लेखी काही ठरलेलं नाही, भांडता येईल, पण वाट लांबची आहे. संघमित्रानं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "कोर्टात उभं राहून काय सांगू? की ती बांधलेली बाई मी आहे? पेपरात तोच फोटो छापून येईल. मग पाच नाही, पाच हजार होतील."

एक दिवस लॅब सुटल्यावर ती शिवा पेडणेकरच्या कारखान्यात गेली. माघी गणपती होऊन गेले होते, कारखान्यात गर्दी नव्हती. शिवा एका मोडक्या मूर्तीच्या हातात तार घालत होता. तिला बघताच ती का आली ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं नजर चुकवली.

"शिवादादा, दोरी कोणी घातली?"

"सरांनी. मी होतो बाजूला," तो म्हणाला. त्यानं लपवलं नाही. मातीवरून पहिला साचा काढला, त्यातून प्लास्टरची एक प्रत ओतली. मग सरांनी बाजारातून सुती दोरी आणली, पातळ प्लास्टरमध्ये बुडवून त्या प्रतीवर गुंडाळली आणि सुकू दिली. त्याच्यावरून रबराचा दुसरा साचा केला. ब्राँझच्या प्रती त्या दुसऱ्या साच्याच्या. "तेव्हा मला वाटलं, तुमका विचारलेला असतला. मी काय मध्ये बोलूचा?"

"दुसरा साचा कुठाय?"

"इथेच. माळ्यावर." तो उठला नाही. "पण ताई, तो माझ्या हातानं नाही फोडणार मी. त्यांचा माल आहे, विश्वासानं ठेवलाय. उद्या दुसरा कोण माझ्याकडे काम ठेवील?"

"मी फोडायला सांगायला नाही आले," ती म्हणाली. ते खरं होतं की नाही, तिलाच ठाऊक नव्हतं, असं तिनं मला सांगितलं.

शिवानं तारेचं टोक वाकवून मूर्तीच्या हातात बसवलं. मग म्हणाला, "पहिला साचापण आहे. बिनदोरीचा. तो टाकून द्यायला सांगितला होता, पण आमच्यात साचा टाकत नाहीत. तुम्हाला एक ओतून देऊ?"

त्यानं तो ओतला, आणि आठवड्यानं स्वतः टॅक्सीत घालून शिबिरात आणून दिला. पांढराशुभ्र, जड पुतळा. शेजारच्या बायका जमल्या. कोण ही, देवी आहे का, एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, अगं, ही तर आपली संघमित्रा. मग हसणं झालं, कौतुक झालं, कुणी विचारलं, हे क्लासमध्ये करतात होय? तिला पहिल्यांदाच सांगावं लागलं, आणि सांगताना तिला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. पण सगळ्या गेल्यावर ती त्या पुतळ्याकडे फार वेळ बघू शकली नाही. दोरी नव्हती, तरी तिला ती दिसायची. खांद्यावरून कुठून येते, दंडाखाली कुठे जाते, सगळं. तिनं पुतळा कपाटावर ठेवला. शिबिरातल्या भिंतींना ओल असते. दोन महिन्यांत प्लास्टरवर काळे ठिपके आले. श्रेया पुसायची, ते पुन्हा यायचे.

श्रेयाच्या डोक्यातून ते ओळखपत्र गेलं नव्हतं. एक दिवस तिनं ऑफिसातल्या मोठ्या मॅडमना, सुरुची त्यांचं नाव, जाऊन सांगितलं की लॉबीतली बाई माझी आई आहे, तिला न विचारता दोरी घातली आहे, आणि तो पुतळा तिथून काढावा. सुरुची मॅडम ऐकून अस्वस्थ झाल्या. त्यांनी श्रेयाला बसवलं, पाणी दिलं, वरपर्यंत बोलते म्हणाल्या. खरंच बोलल्याही. पंधरवड्यानं पुतळा लॉबीतून गेला.

श्रेया आनंदात घरी आली. दुसऱ्या दिवशी तिला कळलं, की तो संचालकांच्या मजल्यावर नेला आहे. विकत घेतलेली महागाची वस्तू, फेकणार कशी? त्या मजल्यावर जायला श्रेयाच्या कार्डानं दार उघडत नाही. कुशाबानं तिला सांगितलं, की वर मीटिंगच्या खोलीच्या तोंडाशी ठेवलाय, छान दिवा सोडलाय वरून.

"आता तर मी बघूपण शकत नाही, तिच्याशी कोण काय करतं," ती आईला म्हणाली. ऑफिसात आता सगळ्यांना माहीत झालं होतं. कुणी वाईट वागलं नाही. पण जेवायच्या टेबलावर ती आली की बोलणं जरा जपून व्हायचं, आणि तिला ते जपणंच सोसेना. तिनं दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात केली.

पावसाळा सरला, तेव्हा शंतनु शिबिरात आला. पत्ता माझ्याकडून घेतला होता. देऊ की नको, असं मला झालं होतं. मी आधी संघमित्राला विचारलं. ती म्हणाली, येऊ दे.

तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. खोलीत जागा नसल्यामुळे त्याचे गुडघे पलंगाला लागत होते. कपाटावरचा पुतळा त्यानं पाहिला, ठिपके पाहिले, पण त्याबद्दल बोलला नाही. तो खचल्यासारखा दिसत होता. त्यानं सांगितलं, की गॅलरीला कळवून टाकलंय, उरलेल्या तीन प्रती होणार नाहीत. गॅलरीचे लोक नाराज झाले, पुढचं प्रदर्शन त्यांनी लांबणीवर टाकलं. रबराचा साचा त्यानं शिवाकडून आणून कापून टाकला. ज्या पाच गेल्या, त्यांच्या मालकांना त्यानं विचारलं होतं, की मी दोरी काढून देऊ का. एकानं उत्तरच दिलं नाही. दिल्लीचे म्हणाले, दोरी काढली तर मग उरतं काय?

"उरतं काय, असं म्हणाले?" संघमित्रानं विचारलं.

"हो."

तिनं त्याला चहा दिला. त्यानं कप हातात घेतला. मग म्हणाला, "ताई, पुन्हा एकदा बसाल का? तुम्ही सांगाल तसं करीन. तुम्ही सांगाल तिथे थांबेन."

तिला त्याची कीव आली, असं तिनं मला नंतर सांगितलं. राग होताच, पण तो आता धरून ठेवायला जड झाला होता. तरी ती म्हणाली, "नाही सर. तुम्ही करायला बसलात, की मी तुमच्या बोटांकडेच बघत राहीन. मान वर राहणार नाही माझी."

शंतनुनं कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि गेला. संघमित्रा त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली, कारण शिबिराच्या वाटा नवख्याला कळत नाहीत.

श्रेया घरी आली, तेव्हा आई भाकरीचं पीठ मळत होती. तिनं सगळं सांगितलं, साच्याचं, गॅलरीचं, दिल्लीवाल्यांचं. श्रेया पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत होती.

"म्हणजे आता पाचच राहतील," ती म्हणाली.

"पाच राहतीलच," संघमित्रा म्हणाली, आणि तवा गॅसवर ठेवला.